पीजीवरची संध्याकाळची मटकी
नेरूळ-वाशीत पीजीवर राहणाऱ्या मुलांच्या खाण्याचं गणित बिघडतं ते संध्याकाळी. लेक्चर पाचला सुटतं, मेसचा डबा साडेआठला येतो. मध्ये स्टेशनबाहेरचा वडापाव रोजचाच होऊन बसतो. त्या वेळेसाठी मटकी हाताशी ठेवा.

एकाला ५० ग्रॅम पुरते. त्यात ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सकाळी निघताना तिप्पट पाण्यात भिजत घाला. रात्री पाणी पूर्ण निथळा, टणक राहिलेले दाणे वेचून टाका (दाताखाली खड्यासारखे येतात) आणि ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. सकाळी मोड दिसले की फ्रिजमध्ये. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत हीच पुरचुंडी चिकट होते, आंबूस वास मारते. बहुतेक वेळा आत पाणी राहिलेलं असतं. अशी मटकी धुऊन वाचवू नका, टाकून द्या.

मोड कच्चे खाऊ नका, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. मीठ-हळद घालून ८-१० मिनिटं उकळा, वर कांदा आणि अर्धं लिंबू. लिंबामुळे मटकीतलं लोह अंगी लागतं. चहा मात्र तासाभराने.