जुन्या सीडी १०० आणि स्प्लेंडरमध्ये दुसरं इंजिन बसवताना

गाडी निळा धूर सोडायला लागली, दर आठवड्याला ऑइल टाकावं लागायला लागलं, की गावात दोन सल्ले हमखास मिळतात. भंगारातून अख्खं इंजिन उचलून आणा, नाहीतर सरळ मोठं इंजिन टाका. बहुतेक गाड्यांना या दोन्हींची गरज नसते. इंजिन नंबर केसवर, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात त्या खालच्या मुख्य कवचावर, ठोकलेला असतो. ब्लॉक (सिलिंडर), हेड (त्यावरचं डोकं), क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतं तो शाफ्ट) किंवा गिअरवर नाही. म्हणजे तुमची केस शाबूत असेल तर ती ठेवा आणि आतला माल बदला. काम तेवढंच होतं आणि आरसीवरचा नंबर जागेवर राहतो. चेन तुटून केस फुटली असेल, बेअरिंगची बैठक ढिली झाली असेल किंवा ब्लॉकच्या स्टडचे आटे वारंवार गेले असतील, तरच दुसऱ्या इंजिनाच्या मागे लागा.

काय बसतं हे आधी समजून घ्या. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, स्प्लेंडर १९९४ ला, पॅशन २००१ ला. या तिन्हींत, तसंच सीडी डॉन आणि एचएफ डिलक्समध्ये, ५० मिमी बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) आणि ४९.५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) ९७.२ सीसी आडवं इंजिन आहे. टाकीवरच्या नावापेक्षा सिलिंडर पाहा. तो पुढे जवळजवळ आडवा झोपलेला असेल तर घराणं तेच. सुपर स्प्लेंडरचं १२४.७ सीसी आणि स्प्लेंडर आयस्मार्ट ११० चं इंजिन उभं आहे. ते घालायचं तर फ्रेम कापून ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, आणि पांदण रस्त्यावर पाठीमागे खताचं पोतं घेऊन चालणाऱ्या गाडीची फ्रेम त्या वेल्डिंगच्या कडेलाच तडकते. शिवाय ड्रम ब्रेक जुनेच राहतात. हा उद्योग करूच नये. २०२० नंतरचं बीएस ६ इंजिनही टाळा. त्याला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), टाकीतला पेट्रोल पंप, सेन्सर आणि पूर्ण वायरिंग लागतं, तेवढ्या पैशात दुसरी जुनी गाडी येते. राजदूतवाल्यांनी १७३ सीसीचं स्वतःचंच इंजिन बांधून घ्यावं, दुसरं सरळ बसणारं नाही.

भंगारवाल्याकडे इंजिन पाहताना सुरू करून दाखवा म्हणण्यापेक्षा ते उघडून पाहण्याचा आग्रह धरा. निदान ड्रेन बोल्ट काढून ऑइल सफेद कपड्यावर घ्या. पिवळसर चमक दिसली तर बुश (शाफ्टभोवतीची पितळी नळी) झिजलाय. लोखंडाचे बारीक तुकडे आले तर गिअरचे दात गेलेत. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. वर्धा, वैनगंगेच्या पुरात बुडालेल्या गाड्यांचा माल बाजारात येतोच, आणि अशा इंजिनाच्या बेअरिंगला आतून गंज असतो. ब्लॉक काढू दिला तर पिस्टन पूर्ण वर आणून कनेक्टिंग रॉड धरा आणि सरळ वर-खाली ओढा. जराही टक आवाज आला तर क्रँकचं काम निघणार. आडवा थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच, त्याने घाबरू नका. गिअर एकेक टाकून पाहा. शाफ्टवरचे स्प्रॉकेटचे दात आणि किक शाफ्टचे दात बोटाने चाचपून पाहा. हे दोन्ही गेलेले असतील तर भाव निम्मा करून मागा.

केसवरचा नंबर डाव्या अंगाला खाली असतो. तिथे घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर इंजिन फुकट मिळालं तरी नको. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची झेरॉक्स मागा. नुसती चिठ्ठी चालत नाही.

इंजिनासोबत त्याच गाडीची मॅग्नेट (क्रँकवर फिरणारं, वीज बनवणारं चाक), कॉइल प्लेट, सीडीआय (स्पार्कची वेळ ठरवणारी डबी), इग्निशन कॉइल आणि रेक्टिफायर उचला. हा सल्ला फालतू खर्चाचा वाटतो, पण सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात. काही मॉडेलांत सीडीआयला करंट मॅग्नेटच्या कॉइलकडून मिळतो, काहींत बॅटरीकडून. कनेक्टर सारखा दिसला म्हणून एकाची सीडीआय दुसऱ्याला लावली तर स्पार्क येत नाही, किंवा येतो आणि टायमिंग चुकून गाडी तापते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्याच गाडीची मॅग्नेट आणि प्लेट नव्या इंजिनावर चढवायची. त्यासाठी क्रँकच्या टोकाचा निमुळता भाग (टेपर) आणि मॅग्नेट धरणाऱ्या चावीची खाच जुळायला हवी. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडीने ठोकून काढलेल्या मॅग्नेटमुळे क्रँक वाकतो आणि त्याचा थरथराट हँडलपर्यंत येतो. सेल्फचं इंजिन किकवाल्या गाडीत टाकत असाल तर स्टार्टर रिले, जाड वायर आणि मोठी बॅटरी हवी. ते नको असेल तर मोटर काढून भोक प्लेट आणि ओ-रिंगने बंद करा.

उतरवण्याचं काम दोन तासांचं आहे. बॅटरीची वायर आधी काढा, पेट्रोल कॉक बंद, ऑइल बाटलीत. सायलेन्सर, कार्ब्युरेटर, क्लच केबल, गिअर लिव्हर, चेन, मॅग्नेटचा कनेक्टर या क्रमाने सुटं करा. मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्या आणि इंजिन फ्रेमला धरणारे फाउंडेशन बोल्ट काढा. बोल्ट गंजून धरला असेल तर आदल्या रात्रीच डिझेल-ऑइल मारून ठेवा. बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने आत जाऊ द्या, नंतरच कसा. एखादा बोल्ट ठोकून घालावा लागत असेल तर फ्रेम वाकलेली आहे किंवा इंजिन दुसऱ्याच मॉडेलचं आहे.

जुनं इंजिन, कितीही चांगलं सांगितलं तरी, फ्रेममध्ये घालण्याआधी उजवं क्लच कव्हर उघडाच. या इंजिनात क्रँकच्या टोकावर फिरणारा ऑइल फिल्टर असतो, कचरा त्याच्या आतल्या भिंतीला चिकटतो. त्याशिवाय ऑइल पंपाच्या वाटेवर एक जाळी असते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि एअर फिल्टर न बदलण्याची सवय यामुळे फिल्टरमध्ये ग्रीससारखा काळा लगदा बसलेला असतो. तो पेट्रोलने धुवा, जाळी काढून साफ करा. हे न करता नवं पिस्टन टाकलं तर ऑइल हेडमधल्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणारे हात) कमी पोचतं आणि उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर असताना, कॅमशाफ्ट आधी जातो. दोष मात्र पिस्टनवर येतो.

पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी ओव्हरसाइझमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढं मोठं, मिळतं. ब्लॉक तालुक्याच्या मशीनवाल्याकडे नेताना नवं पिस्टन सोबत द्या. नुसतं ‘पन्नास पॉइंट चालव’ (म्हणजे ०.५० मिमी मोठा बोअर कर) असं सांगू नका. बोअर पिस्टनच्या मापाने होतो, आकड्याने नाही. होनिंगच्या, म्हणजे शेवटच्या बारीक घासणीच्या, तिरप्या रेषा दिसल्याच पाहिजेत, नाहीतर रिंग बसत नाही आणि नवीन इंजिनही धूर काढतं. रिंग एकटी ब्लॉकमध्ये सरळ बसवून तोंडातली फट फिलर गेजने मोजा, साधारण ०.१० ते ०.२५ मिमी हवी. पिस्टनवरची ‘आयएन’ खूण इनटेककडे म्हणजे या इंजिनात वरच्या बाजूला. रिंगांची तोंडं १२० अंशांवर फिरवा. पिस्टनची पिन धरणाऱ्या लॉकचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर ठेवू नका, लॉक निसटला तर ब्लॉक चिरतो.

टायमिंगला मॅग्नेटची ‘टी’ खूण केसच्या खुणेसमोर आणि कॅम स्प्रॉकेटची ‘ओ’ खूण हेडच्या खाचेसमोर आणा. मॅग्नेट डावीकडून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. चेन बसवल्यावर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा. कुठे अडकलं तर जोर देऊ नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय. हेडचे नट आलटून पालटून, तीन टप्प्यांत कसा. कव्हरच्या ६ मिमी बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे; अ‍ॅल्युमिनियमचे आटे जास्त ताकद सोसत नाहीत. टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) इंजिन थंड असतानाच, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्यावर लावा. कानाने लावलेलं टॅपेट पंधरा दिवसांत पुन्हा कटकट करतं.

कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या इन्सुलेटरची ओ-रिंग नवी घाला, पाच-दहा रुपयांची असते. ती जुनी राहिली तर बाहेरची हवा शिरते, रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नाही आणि प्लग पांढराफटक पडतो. एअर स्क्रू हळूच पूर्ण बंद करून दीड ते दोन फेरे उघडा, बाकी आवाजावर. स्प्रॉकेटवर लांब पट्टी धरून पुढचा-मागचा एका रेषेत आहे का पाहा. चेन ४२८ ची. दुधाचे कॅन वाहणाऱ्याने पुढचा स्प्रॉकेट एक दात कमी घेतला तर ओढ सुधारते, पण सुट्या रस्त्यावर इंजिन जास्त फिरतं आणि पेट्रोलही थोडं जास्त खातं.

ऑइल १०डब्ल्यू३०, डब्यावर जेएएसओ एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं, ही खूण) लिहिलेलंच. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो. पूर्ण उघडलेल्या इंजिनात साधारण १ लिटर बसतं. गाडी डबल स्टँडवर लावून, दांडी न कसता नुसती टेकवून पाहा. प्लग काढून पंचवीस-तीस किक मारा म्हणजे ऑइल वर चढेल. मग सुरू करून, टॅपेटचं झाकण थोडं ढिलं करा. मिनिटभरात तिथे ऑइल झिरपलं पाहिजे. नाही झिरपलं तर लगेच बंद करा आणि पंप पाहा. पहिले ५०० किलोमीटर ताशी ४५-५० च्या वर नको, तिघं बसणं नको, वावरातून ओझं आणणं तर अजिबात नको. ५०० ला ऑइल बदला. त्यात दिसणारी बारीक चकाकी नव्या रिंगची असते, ती चालते.

नंबर बदलला असेल तर कागद टाळू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी घ्यायची असते. मंजुरीशिवाय बदललं तर १४ दिवसांत कळवायचं असतं. बेकायदा बदलाला कलम १८२ए खाली ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी एमएच २९ ची असेल तर आरटीओ यवतमाळचं, ३४ ची असेल तर चंद्रपूरचं, ३७ ची असेल तर वाशीमचं. बिल, जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि स्वतःची आरसी घेऊन जा. तपासणीला नेण्याआधी केसचा तळ रॉकेलने धुवा, म्हणजे नंबर वाचता येईल. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. इंजिनाचा अर्ज त्याआधी निकाली काढा, नाहीतर नंबर जुळत नाही म्हणून तपासणीतूनच गाडी परत येते. नवी आरसी हाती आली की विमा कंपनीलाही इंजिन नंबर कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.