पित्ताशय काढताना धमनीची खात्री कशी करावी

पित्ताशयाची धमनी बहुतेक रुग्णांमध्ये उजव्या यकृत धमनीतून निघते, कॅलॉटच्या त्रिकोणातून (पित्ताशयनलिका, यकृतातून येणारी पित्तनलिका आणि यकृत यांच्यामधल्या जागेतून) जाते आणि पित्ताशयाच्या मानेजवळ पुढच्या व मागच्या शाखेत विभागते. हे चित्र इतक्या वेळा जुळते की ते नेहमीच जुळेल असे हाताला वाटू लागते. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया शिकणाऱ्याने म्हणूनच सुरुवातीपासून एक नियम पाळावा: धमनी कोणत्या जागी सापडली यावरून तिची ओळख ठरवू नये; ती पित्ताशयाच्या भिंतीत शिरताना प्रत्यक्ष पाहावी आणि मगच क्लिप लावावी. ज्यांच्या नावाने हा त्रिकोण ओळखला जातो त्या शल्यविशारद कॅलॉट यांच्या मूळ वर्णनात त्रिकोणाची वरची बाजू खुद्द ही धमनीच होती. आज तिथे यकृताची खालची बाजू धरली जाते, आणि धमनीची जागा किती बदलते हे पाहता ते योग्यच आहे.

सर्वांत घातक फसवणूक उजव्या यकृत धमनीच्या वळणामुळे होते. ही धमनी कधी कधी सुरवंटाच्या पाठीसारखी कमान करून पित्ताशयाच्या मानेला जवळजवळ चिकटते, आणि त्या कमानीतून निघणारी पित्ताशयाची धमनी अगदी आखूड असते. अशा वेळी पित्ताशय ताणले की कमानही ओढली जाते आणि यकृताच्या उजव्या भागाची मुख्य धमनीच पित्ताशयाची समजून कापली जाऊ शकते. त्रिकोणात अपेक्षेपेक्षा जाड, जोरात स्पंदन पावणारी किंवा वळून पुन्हा यकृताकडे जाणारी वाहिनी दिसली, तर तिला हात लावण्यापूर्वी तिचा माग दोन्ही दिशांना काढावा. वरच्या आंत्रधमनीतून (आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या धमनीतून) निघणारी उजवी यकृत धमनीही पित्तनलिकेच्या मागून उजवीकडे येऊन याच त्रिकोणातून जाऊ शकते.

काही रुग्णांत पित्ताशयाला दोन धमन्या असतात, तर काहींत धमनी खालून, जठर-आद्यांत्र धमनीतून (जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून) येते आणि त्रिकोणाबाहेर, पित्ताशयनलिकेच्या पुढून किंवा खालून जाते. त्यामुळे त्रिकोणात धमनी बारीक वाटली किंवा सापडलीच नाही, तर मागची शाखा किंवा दुसरी धमनी शिल्लक आहे असे धरून चालावे.

विच्छेदन करताना पित्ताशयाचा तळ (मानेच्या विरुद्ध टोकाचा रुंद भाग) वर, रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे, आणि मान बाहेर उजवीकडे ओढावी, म्हणजे त्रिकोण उघडतो. रूव्हिएची खाच (यकृताच्या उजव्या भागाच्या खालच्या पृष्ठभागावरील खाच) दिसत असेल, तर सर्व काम तिच्या पातळीच्या वर आणि पित्ताशयाला लागून करावे. मागील बाजूचे आवरणही मोकळे करावे. केवळ पुढून पाहिलेला त्रिकोण अर्धाच पाहिलेला असतो. शल्यविशारद स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या कसोटीप्रमाणे तीन गोष्टी पूर्ण व्हाव्यात: त्रिकोणातील चरबी व तंतुमय ऊती पूर्ण निघालेल्या असाव्यात, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला असावा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच रचना, म्हणजे पित्ताशयनलिका आणि पित्ताशयाची धमनी, दिसाव्यात. दुहेरी धमनी असलेल्या रुग्णात तिसरी रचनाही रास्तपणे दिसू शकते. तीही भिंतीपर्यंत शोधल्याखेरीज कापू नये.

रक्तस्राव सुरू झाला, तर घाईने क्लिप किंवा कॉटरी (विजेच्या उष्णतेने जाळून रक्त थांबवणारे साधन) वापरणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते, कारण रक्ताच्या डबक्यात लावलेली क्लिप उजव्या यकृत धमनीवर किंवा पित्तनलिकेवर बसू शकते. पित्ताशयाची मान किंवा गॉजचा तुकडा त्या जागी काही मिनिटे दाबून धरावा, सक्शनने क्षेत्र स्वच्छ करावे, आणि नेमका बिंदू दिसल्यावरच तो पकडावा. दिसत नसेल किंवा दाहामुळे त्रिकोण उघडतच नसेल, तर अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे आणि पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवण्याचा किंवा पोट उघडण्याचा निर्णय वेळेवर घ्यावा. धमनीबरोबर पित्तनलिकेलाही इजा झाली, तर पुढची दुरुस्ती फार अवघड होते.

शेवटी शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या वायूचा दाब कमी करून यकृताचा पृष्ठभाग आणि क्लिपची जागा पुन्हा तपासावी, कारण त्या दाबाखाली शिरांतून होणारा स्राव लपलेला असू शकतो. आढळलेला धमनीचा वेगळेपणा शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहावा. त्याच रुग्णावर पुढे यकृताची शस्त्रक्रिया करणाऱ्याला तो माहीत असणे आवश्यक असते.