फायटर नुसता पोहे खात बसतो? डीएम मंडळी, या चुका टाळा

मे महिन्यातला रविवार. ऊन तापायच्या आत खेळ आटपावा म्हणून आम्ही सकाळी नऊलाच नागपूरच्या धरमपेठेतल्या गच्चीवरच्या खोलीत जमलो होतो. कूलरमध्ये पाणी भरलेलं, टेबलावर नकाशा, फासे आणि तर्रीपोह्यांच्या प्लेटा. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत आपापल्या पात्राची गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीचं कॅम्पेन (लांबलचक चालणारी गोष्ट), सगळी पात्रं पाचव्या लेव्हलला. गोष्ट रचणारा आणि नियम सांभाळणारा डीएम मी. रामटेकच्या सहलीत सगळ्यांनीच पाहिलेला नगरधनचा किल्ला डोळ्यांसमोर ठेवून मी एक किल्ला रचला होता. भोवती खंदकही ठेवला होता.

पहारेकरी दिसले, विझार्डनं, म्हणजे जादूगारानं, स्वतःवर इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य व्हायचा स्पेल (मंत्र) टाकला. खंदक आला, फ्लाय टाकून तो तसाच अदृश्य पलीकडे उडाला. दरवाजाला कुलूप होतं, नॉकनं उघडलं आणि पूल खाली सोडला. आत चौकात दहा गॉब्लिन (बुटके राक्षस) जेवायला बसले होते. फायरबॉल, आगीचा गोळा. राख. मग सगळे झोपले आणि सकाळी विझार्डचे सगळे स्लॉट (दिवसाला किती स्पेल टाकता येतात तो कोटा) परत.

फायटर, म्हणजे योद्धा, खेळणारा माझा आतेभाऊ. अडीच तासांत त्यानं फासा एकदाच टाकला होता, तोही इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळी कुणाची आधी हे ठरवायचा. जाताना चप्पल घालत म्हणाला, "मी येतो काऊन बे? पोहे तर घरीही भेटतात."

रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. मग सगळ्यात आधी मी जे केलं, तीच पहिली चूक.

राग विझार्डवर काढणे

रात्री ग्रुपवर फर्मान काढलं: उद्यापासून फायरबॉलची इजा आठ नाही, पाच फाशांची. विझार्ड खेळणारी आमची ज्युनियर, तिचा लगेच मेसेज, "दादा, मी पुस्तकात आहे तेच केलं ना?" खरं होतं तिचं. चालू कॅम्पेनमध्ये कुणाचा स्पेल कापला की त्याला शिक्षा झाल्यासारखी वाटते, आणि फायटरला त्यातून काहीच मिळत नाही. त्याचा फासा टेबलावर तसाच पडून. कापायचंच असेल तर पात्रं बनवतानाच सांगा. मी फर्मान दोन दिवसांत मागे घेतलं.

तसा हा तंटा या खेळाइतकाच जुना आहे. 1974 सालच्या पहिल्या नियमांत जादूगाराला चढायला जास्त अनुभव लागायचा: योद्धा 2,000 गुणांवर दुसऱ्या लेव्हलला पोचायचा, जादूगार 2,500 वर. सुरुवातीला दिवसाला एकच स्पेल; तो टाकला की उरलेला दिवस कुणाच्या तरी मागे लपायचं. पुढे मात्र तोच सगळ्यांना भारी. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं सगळ्यांना अनुभवाचं एकच कोष्टक दिलं, म्हणजे तो अडसरही गेला. 2008 च्या चौथ्या आवृत्तीनं सर्वांच्या ताकदी एकाच साच्यात बसवल्या. समतोल आला, पण सगळे क्लास (पात्रांचे प्रकार) सारखेच वाटतात म्हणून लोकांनी नाकं मुरडली. थोडक्यात, नुसत्या नियमांनी हे सुटत नाही. टेबलावर बसलेल्या डीएमलाच हात घालावा लागतो.

दिवसाला एकच लढाई ठेवणे

माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती ही चूक, आणि दहातले नऊ डीएम ती करतात. मीही वर्षभर केली.

हिशोबच मांडून पाहू. पाचव्या लेव्हलचा फायटर, ताकद 18, हातात ग्रेटसोर्ड. एका वारात सरासरी 11, वार दोन, म्हणजे 22. शंभरात पासष्ट वार लागतात असं धरलं तर एका पाळीला साधारण 14. विझार्डचा फायरबॉल सरासरी 28, आणि वीस फूट त्रिज्येत जेवढे सापडतील तेवढ्या सगळ्यांना. दाटीवाटीनं बसलेले दहा गॉब्लिन असतील तर तुलनाच नको. पण समोर एकच दांडगा राक्षस असेल आणि त्याचा सेव्ह (इजा निम्मी करायचा फासा) लागला, तर फायरबॉल उरतो 14 चा. फायटरच्या साध्या पाळीइतकाच! फायटरची ती पाळी दिवसभर फुकट असते. विझार्डकडे फायरबॉलला लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोन. आर्केन रिकव्हरीनं, म्हणजे छोट्या विश्रांतीत स्लॉट परत मिळवायच्या सोयीनं, फार तर आणखी एक.

चार फेऱ्यांची एकच लढाई असेल तर विझार्ड दोन फायरबॉल मोकळ्या हातानं उधळतो, कारण पुढे झोपच आहे. पाच-सहा लढायांचा दिवस असेल तर फायटरच्या वीसेक पाळ्या होतात, म्हणजे 280 च्या आसपास, आणि विझार्ड दर वेळी विचार करतो: आत्ता टाकू की राखून ठेवू? 2014 चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण प्रसंग धरून चालतं. त्या अंदाजावर अख्खा खेळ बेतलेला, आणि आपण एक लढाई करून झोपायला मोकळे.

सहा लढाया एका रविवारी होत नाहीत, कबूल. झाल्या पाहिजेत असंही नाही. खेळातला एक दिवस दोन-तीन सेशनमध्ये पसरवा. रविवार संपला म्हणून पात्रांनी झोपलंच पाहिजे असा नियम कुठे आहे? मधे तासाभराची शॉर्ट रेस्ट द्या, त्यात फायटरची ॲक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती) परत येते. विझार्डच्या स्लॉटांना सहसा रात्रीचीच वाट पाहावी लागते. लाँग रेस्टचा, म्हणजे आठ तासांच्या विश्रांतीचा, फायदा चोवीस तासांत एकदाच मिळतो, हेही आठवणीनं सांगा. पार्टी टायनी हटमध्ये (मंत्रानं उभारलेल्या सुरक्षित आसऱ्यात) शिरून आठ तास घोरणार असेल तर घोरू द्या. तोवर शत्रू कैद्याला घेऊन पसार होतो. प्रवासाचं कॅम्पेन असेल तर त्याच पुस्तकातला पर्यायी नियम बघा: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. आम्ही तो लावून पाहिला आणि दोन महिन्यांत सोडला, कारण क्लेरिकवाल्याची (देवाच्या कृपेनं स्पेल टाकणाऱ्याची) स्लॉटांविना फारच उपासमार झाली.

स्पेल अर्धवट वाचणे

आता त्या रविवारकडे परत. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. इन्व्हिजिबिलिटी आणि फ्लाय, दोन्ही कॉन्सन्ट्रेशनचे, म्हणजे लक्ष टिकवून चालू ठेवायचे. एका वेळी एकच चालतो. त्यातून, अदृश्य माणसानं दुसरा स्पेल टाकला की अदृश्यपण तिथेच संपतं. म्हणजे आमचा विझार्ड खंदकावर सगळ्या पहारेकऱ्यांच्या देखत तरंगत होता, आणि मी गप्प. नॉकचा ठोका तर तीनशे फुटांवर ऐकू जातो. आतले गॉब्लिन निवांत जेवतच कसे राहिले? "पुस्तकात आहे तेच" तिनं मनापासून केलं होतं, पण पुस्तक पुरतं आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं, आणि वाचायचं काम माझं होतं.

कॉन्सन्ट्रेशन चालू असताना मार बसला तर लक्ष टिकवायला सेव्ह; गाठायचा आकडा 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मं, जे जास्त असेल ते. हा फासा मी कित्येक महिने मागितलाच नव्हता. मंत्र बोलून म्हणायचा असतो, हे पहारेकऱ्यांना ऐकू येतं. एवढं पाळलं तरी निम्मा तोल आपोआप सावरतो. कुणाचं काही कापावं लागत नाही.

वास्तवाचे चटके फक्त फायटरला

विझार्ड उडतो, कुणी काही विचारत नाही. फायटर म्हणाला, "मी खांबावरून उडी मारून त्याच्या पाठीवर बसतो," की डीएम लगेच भौतिकशास्त्राचा मास्तर. "चिलखत घालून? एवढी उंच?" मग तीन फासे टाकायला लावतो आणि तिसऱ्यावर पाडतो. माझ्या तोंडूनही हे निघालंय. आता ॲथलेटिक्सचा (अंगमेहनतीच्या कौशल्याचा) एकच फासा मागतो, आणि जमलं तर पुरतं जमू देतो.

लढाईबाहेर फायटर रिकामा असतो, हे दुखणं आकड्यांपेक्षा मोठं. जुन्या ॲडव्हान्स्ड नियमांत नवव्या लेव्हलच्या फायटरनं गढी बांधली की त्याच्याकडे शिपाई चालत यायचे. ती कल्पना उचला. नाक्यावरचा हवालदार विझार्डला ओळखत नाही; फायटरसोबत मात्र कधीकाळी एका छावणीत राहिलेला निघतो. तिथे मंत्रापेक्षा ओळख चालते. नागपुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नसावी.

जाडजूड तलवार देऊन समाधान मानणे

प्लस टू (वाराला आणि इजेला दोन जास्त देणारी) तलवार दिली म्हणून फायटर सुखी होत नाही. तो जे आधीच करत होता तेच थोडं जास्त करतो. त्याला नवं काहीतरी करता यावं. उडायचे बूट द्या. 2024 च्या सुधारित पुस्तकातली वेपन मास्टरी जुन्या कॅम्पेनलाही लावता येते: वॉरहॅमरचा फटका शत्रूला दहा फूट मागे ढकलतो, बॅटलॲक्सचा आडवा पाडू शकतो. पाळीला "मी मारतो, मी परत मारतो" यापलीकडे बोलायला काहीतरी येतं.

जूनच्या शेवटी किल्ला पुन्हा लावला. तोच नकाशा, पण या वेळी कैद्याला मध्यरात्री सुळावर देणार होते, त्यामुळे झोपायची सोय नाही. नॉकचा ठोका पडला आणि बुरुजावर मशाली पेटल्या. पाचव्या लढाईपर्यंत ज्युनियरकडे फक्त कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे बारके स्पेल) उरल्या होत्या. दरवाजाच्या अरुंद बोळात फायटर हातोडा घेऊन उभा, एकेकाला ढकलून खंदकात घालतोय, आणि मागून ती ओरडतेय, "दादा, तू हलू नको, मी कैद्याला काढते!"

आतेभावाच्या प्लेटमधले पोहे त्या दिवशी गार झाले.