रात्री एकत्र जेवायचंय? आधी गॅस बंद करा

एकत्र जेवणाचं कौतुक ज्या घरात चालतं, तिथे एक बाई हमखास गॅसपाशी उभी असते. बाकीचे गरम फुलके खाताहेत, ती एकेक आणून वाढतेय, आणि सगळे हात धुवायला उठले की हिचं ताट. पूर्वी बायकांची पंगत शेवटी बसायची, त्याचीच ही फ्लॅटमधली आवृत्ती. म्हणून माझी पहिली अट: पोळ्या करणारं माणूस पहिल्या घासाला टेबलाशी बसलेलं हवं.

त्यासाठी रोज फुलक्यांचा हट्ट सोडा आणि घडीच्या पोळ्या करा. कणीक थोडं तेल घालून सैलसर भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा. लाटीला आतून तेल लावा, पीठ भुरभुरवा, घडी घालून लाटा. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर रेंगाळलेली पोळी कडक होते. उतरवली की दोन्ही हातांत धरून हलकेच आपटा, पदर सुटतात. लगेच डब्यात कोंबू नका, वाफेने ओल्या होतात. दोन मिनिटं जाळीवर, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. साडेसातची पोळी पावणेनऊला मऊच लागते.

ज्वारीच्या भाकरीचं तसं नाही, ती गार झाली की वातड होते. आमच्याकडे भाकरी शनिवारी असते. एक जण थापतो, दुसरा शेकतो, आणि शेवटची भाकरी उतरेपर्यंत कुणी घास घेत नाही. गार लागलीच तर आमटीत कुस्करा.

वेळ ठरवताना सगळ्यात उशिरा येणाऱ्याचा विचार करा, पण त्याच्यासाठी घर उपाशी ठेवू नका. आम्ही डोंबिवलीत, नवरा येणार लोकलने, त्यामुळे पावणेनऊ. पंधरा मिनिटं वाट बघायची, मग सुरू करायचं. त्याचं ताट झाकलेलं असतं, आणि तो जेवताना आमच्यापैकी कुणीतरी समोर बसतंच. मुलांना संध्याकाळी सहाला मूठभर चुरमुरे-शेंगदाणे द्या. फरसाणाची पिशवी हातात दिलीत तर पावणेनऊला कुणालाच भूक नसते. सासूबाईंची गोळी साडेसातला, त्या तेव्हाच जेवून घेतात. पण पावणेनऊला ताकाची वाटी घेऊन टेबलाशी हजर. इमारतीतल्या बातम्या त्यांच्याकडूनच कळतात.

टेबल मुलांनी लावायचं. भाजी-आमटीची पातेली, प्रत्येकात डाव, मीठ, लिंबाच्या फोडी, लोणचं, तूप, पाण्याचा जग, सगळं आधीच. ‘अगं, जरा मीठ दे’ इथूनच एका माणसाचं जेवण मोडायला सुरुवात होते. बसल्यावर ज्याला जे हवं, त्याने उठून आणावं. धाकट्याला ताटाची डावी-उजवी शिकवलीय: वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. आता तो पाहुण्यांचीही ताटं सुधारत बसतो, ते जरा आवरावं लागतं. टेबल नसेल तर चटई घाला, अडत काही नाही.

मोबाइल फ्रिजवर, टीव्ही बंद. यावर पहिला आठवडा भांडणं होणार, होऊ द्या. सासूबाईंची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर लावून दिली, तो प्रश्न मिटला.

आणि ताटावर मार्क, फी, कुणाचं लग्न कधी, हे विषय नकोत. एका तक्रारीने सगळ्यांचा घास अडकतो. ती उद्या सकाळच्या चहावर ढकला. ‘आज शाळेत काय शिकवलं?’ असं विचारलंत तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा ‘तुझ्या डब्यातली भेंडी कुणी खाल्ली?’ असं विचारा. मग कुणाच्या डब्याला मॅगी होती, कुणी कुणाशी बोलत नाही, बाईंनी कुणाला बाहेर उभं केलं, सगळं ओळीने बाहेर येतं. मध्येच उपदेश केलात तर संपलं. आमटी वाढा आणि ‘मग?’ म्हणा.

आवरायची पाळी रोज बदलती ठेवा आणि फ्रिजवर लिहून लावा. तोंडी ठरवलंत तर फिरून तुमच्यावरच येईल. आमच्याकडे नवऱ्याची पाळी असली की त्याला नेमका ऑफिसचा फोन येतो. अशा वेळी ओटा तसाच ठेवते. फोन काही फार लांबत नाही.