या चुका टाळा: वकिलाकडे उशिरा पोचल्याने हातची जाणारी प्रकरणं

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना एक वाक्य सतत कानावर पडतं: "साहेब, सही तर करून बसलोय, आता काही करता येतंय का बघा." पुष्कळदा काहीतरी करता येतंही. पण सहीच्या आधी जे अर्ध्या तासात उरकलं असतं, त्यासाठी आता दावा लावावा लागतो आणि दाव्यात वर्षं जातात. प्रकरणं बिघडतात ती बहुतेक दोनच कारणांनी: एकतर मुदत निघून जाते, नाहीतर न वाचलेल्या कागदावर सही होते.

नोटीस घेतलीच नाही, म्हणजे सुटलो

पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन दारात आला की "घरी नाहीत म्हणून सांग" असं आतून ओरडणारी घरं अजून आहेत. त्याने फायदा काहीच होत नाही. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं, असं कायदा गृहीत धरतो. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडला तरी नोटीस बजावली गेली असंच मानतात. चेकच्या प्रकरणांतही हाच नियम लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं. नुकसान मात्र तुमचंच होतं, कारण समोरचा काय म्हणतोय हेच तुम्हाला कळत नाही.

वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांत फरक आहे. नोटीस आली म्हणून कोणी लगेच तुरुंगात जात नाही. ते समोरच्याचं म्हणणं असतं, कोर्टाचा आदेश नसतो. समन्स आलं की मात्र घड्याळ सुरू झालं. दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कोर्टाने मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत. हजरच झाला नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमचं न ऐकताच निकाल, होतो आणि तो रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. ग्राहक आयोगात तर आणखी कडक आहे. ३० दिवस आणि फार तर वाढीव १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

नोटिशीला रागाच्या भरात स्वतःच उत्तर लिहून पाठवू नका. "हो, पैसे घेतले होते, पण मी काही पळून गेलेलो नाही" असं एक वाक्य लिहिलं की समोरच्याचं काम झालं. शिवाय मुदत संपत आलेलं येणं अशा लेखी कबुलीने पुन्हा तीन वर्षांसाठी जिवंत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूरसुद्धा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो, तेव्हा तिथेही हात आवरा.

चेक परत आला आणि वाट बघत बसलो

चेक बाउन्सच्या प्रकरणात तारखा चुकल्या की चांगला दावा मातीमोल होतो. हिशोब साधा आहे. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत भरायचा. परत आल्याचं बँकेने कळवलं की त्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची आणि तिच्यात चेकची रक्कम स्पष्ट मागायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपले की महिन्याभरात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. नोटीस १० एप्रिलला मिळाली असेल, तर २५ एप्रिलपर्यंत थांबायचं आणि २६ पासून पुढच्या महिन्याभरात तक्रार दाखल करायची.

लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काहीजण १५ दिवस पुरे व्हायच्या आधीच तक्रार टाकतात; ती चालत नाही. बाकीचे "देतो हो, पुढच्या महिन्यात नक्की" या शब्दावर ३० दिवस घालवतात. तक्रारीला थोडा उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी माफी नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत संपायच्या आत तोच चेक पुन्हा बँकेत भरता येतो, एवढी एक वाट उरते. म्हणून चेक परत आला त्याच आठवड्यात बँकेचा मेमो घेऊन वकील गाठा. नोटीस गेली म्हणून बोलणी तुटत नाहीत; उलट बऱ्याचदा नोटिशीनंतरच पैसे निघतात.

चेक देणाऱ्यांसाठीही सांगतो. पतपेढीला किंवा सावकाराला "नुसता तारण म्हणून" सही केलेला कोरा चेक देऊ नका. त्यावर रक्कम दुसऱ्याने भरली, तरी सही तुमची आहे म्हणून देणं तुमचंच असं आधी गृहीत धरतात आणि ते खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नात्यात हातउसने दिलेल्या पैशांचंही असंच. तीन वर्षांत दावा लावला नाही तर कोर्टातून वसुली संपली. मागायला अवघड वाटतं, हे मला समजतं. मग निदान तीन वर्षांच्या आत एक सही केलेली चिठ्ठी घ्या, "अमुक इतके देणे बाकी आहे" एवढी.

फक्त एक सही कर, ताई

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो या प्रकरणांत. वडील जातात, दिवसकार्य आटोपतं आणि बहिणीला सांगतात, "वारसनोंदीसाठी सही लागते, उद्या तालुक्याला चल." तिथे तिच्याकडून होतं ते हक्कसोडपत्र.

यावर एक साधी खूण लक्षात ठेवा. वारसनोंद तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज करून होते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र, बस. तिच्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन फोटो काढावा लागत नाही, अंगठा द्यावा लागत नाही. तुम्हाला तिथे नेलं असेल तर तो दस्त आहे, आणि दस्ताचं नाव पहिल्याच पानावर छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. घाई आहे असं कोणी म्हटलं तर आणखीच थांबा. वारसांचा हक्क महिनाभराने नाहीसा होत नाही.

नोंदवलेलं हक्कसोडपत्र "माझा विचार बदलला" म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ज्या बहिणीला मनापासून हक्क सोडायचा आहे तिने जरूर सोडावा. पण काय सोडतोय, त्याची आजची किंमत काय आणि आईच्या हिश्शाचं काय, हे तिला आधी माहीत असायला हवं, आणि ते समजावणारा वकील भावाचा नसावा.

भावांचीही एक चुकीची समजूत आहे. "तिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली, तिचा काय संबंध?" महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुली जन्मतः सहहिस्सेदार झाल्या, लग्न झालेल्या असोत वा नसोत. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असंही नाही, हे ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्कं झालं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उघडल्या जात नाहीत. त्यामुळे बहिणींना वगळून केलेला व्यवहार घेणाऱ्याच्याही गळ्याशी येतो.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला, ही समजूत तितकीच चुकीची आहे. सातबारा महसुलाची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. नाव चढल्याने कोणी मालक होत नाही आणि उतरल्याने हक्क जात नाही. तरीही चुकीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, तसाच राहू देऊ नका. फेरफाराची नोटीस लागली की हरकतीला १५ दिवस असतात, मंजूर झाल्यावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाला ६०. नंतर दाद मागता येते, पण तोवर जमीन तिसऱ्याच्या नावे गेलेली असू शकते. सातबारा ऑनलाइन दिसतो. वर्षातून एकदा तरी उघडून बघा, विशेषतः मुंबई-पुण्यात किंवा परदेशात राहत असाल तर.

साठेखत झालं, आता घर आपलं

साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने. साठेखत करून, ताबा घेऊन, वीजबिल नावावर करून निर्धास्त बसलेली कुटुंबं मी पाहतो. मूळ मालक वारला की त्याची मुलं उभी राहतात. खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याला ठरलेल्या तारखेपासून, किंवा तारीख नसेल तर समोरच्याने नकार दिल्यापासून, तीनच वर्षं आहेत. कुलमुखत्यारपत्रावर घेतलेल्या प्लॉटचंही तेच. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. तरी शहरांच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने हा धंदा चालू आहे. सही केलेला दस्त नोंदणीला चार महिन्यांच्या आत सादर करायचा असतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याआधी वकिलाकडून सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तांची तपासणी, करून घ्या, साधारण तीस वर्षांचा, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. सर्चची फी घराच्या किमतीपुढे नगण्य असते, आणि नेमकी तीच वाचवायला लोक बघतात.

नॉमिनीबद्दल थोडक्यात. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं की मालमत्ता त्याची झाली, असं नाही. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटलं. आयुर्विम्यात २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांची, एवढा अपवाद. ज्याला द्यायचं त्यालाच मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या आहेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

पाच पंचांसमोर पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेली सोडचिठ्ठी हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट ठरत नाही. काही समाजांत रूढीची फारकत मान्य आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. कागदावर विसंबून कोणी दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरतं, गुन्हा होतो, आणि सर्वात जास्त भोगते ती दुसरी बायको, जिला कागद खरा वाटला होता. दोघांची संमती असेल तर कोर्टातून घटस्फोट मिळतोच. सहा महिन्यांचा थांबाही योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं.

पोलीस ठाण्यात

"तक्रार दिलीय" म्हणून दाखवतात तो कागद अनेकदा एनसीचा असतो. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. एफआयआर वेगळा, त्याची प्रत मोफत मिळते आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. नाकारला तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लिहा, पोचपावती जपून ठेवा. तरी हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. इथपर्यंत वकील नसला तरी चालतं. तुमच्याच नावावर तक्रार असेल आणि चौकशीला बोलावलं असेल, तर मात्र आधी वकिलाशी बोला, लेखी नोटीस मागा आणि मग वेळेवर हजर राहा. टाळाटाळ केल्याने अटकेची शक्यता वाढते. तपासात पोलीस साक्षीदारांचे जबाब लिहून घेतात. त्यावर सही करावी लागत नाही, कायद्यानेच ती वर्ज्य आहे.

वकिलाकडे जाताना

माहिती अधिकाराचा अर्ज, ग्राहक आयोगातली साधी तक्रार, सातबाऱ्यातली लेखनचूक दुरुस्त करण्याचा तहसीलदारांकडचा अर्ज, ही कामं स्वतः करता येतात. बाकी, कुठल्याही कागदावर मुदत लिहिलेली असेल, स्थावर मिळकत असेल, किंवा अटकेची शक्यता असेल तर वेळ घालवू नका.

पैसे नाहीत म्हणून थांबलेल्यांसाठी तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. बाईला स्वतःचा पगार असला तरी हा हक्क आहे, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं.

पहिल्या भेटीला तारीखवार घडलेलं एका कागदावर लिहून न्या आणि स्वतःची चूकही लपवू नका. ती समोरचा वकील कोर्टात सांगणारच आहे. "निकाल नक्की आपल्या बाजूने" अशी हमी देणारा, किंवा मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणारा वकील टाळा. टक्केवारीला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. कोऱ्या कागदावर वकिलालाही सही देऊ नका. मूळ दस्त कोर्टात दाखल करायची वेळ येईपर्यंत घरी ठेवा, वकिलाला झेरॉक्स द्या. दाखल झालेल्या दाव्याचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. त्यावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख तुम्हालाच बघता येते. आणि वकील बदलायचा असेल तर फाईल मागायला कचरू नका. फी बाकी आहे म्हणून ती अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे.