‘मला न्हाई जमायचं’ : या वाक्याचं काय करायचं

गेली चौदा वर्षं मी कोल्हापुरात बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. पहिल्या दिवशी गाडीला हात लावायच्या आधीच बहुतेकजणी सांगून टाकतात, “मला न्हाई जमायचं बघा.” हे वाक्य नुसत्या स्कूटरपुरतं नसतं, हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. तीच बाई शिलाईचं दुकान टाकताना, सुटलेली बारावी परत द्यायची म्हटल्यावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहायची वेळ आली की हेच म्हणते आणि त्याच सुरात. माझ्याही तोंडात ते होतं. ती गोष्ट पुढे येईल.

आधी दोन सल्ले गटारीत टाकायचे. पहिला म्हणजे आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकते, मी समर्थ आहे’ असं घोकायचा. ज्या बाईला स्वतःबद्दल मुळातच खात्री नाही, ती हे म्हणते तेव्हा आतून लगेच उत्तर येतं, ‘काय सांगतीस!’ २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. स्वतःबद्दल कमी मत असलेल्यांनी स्वतःविषयीचं गोड वाक्य घोकलं, तर त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. आधीच बरं चाललेल्यांना मात्र थोडा फायदा झाला. म्हणजे निरोग्यालाच लागू पडणारं औषध.

दुसरा सल्ला, ‘तसला विचारच मनात आणू नकोस.’ १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं आणि विचार आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंटी वाजतच राहिली. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर तर या लोकांच्या डोक्यात अस्वल जास्तच यायला लागलं. माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. करत होती, तिच्या पुस्तकांत हे वाचलं तेव्हा मला माझे विद्यार्थिनींना ओरडण्याचे दिवस आठवले. “पडायचा विचार करू नका!” म्हणून मी ओरडायची आणि त्या पडायच्या.

मग करायचं काय ते सांगते.

पहिलं : वाक्य जसं आलं तसं लिहा

शंभर पानी वही घ्या, आठवडाभर जवळ ठेवा. डोक्यात वाक्य आलं की बोलीतच उतरवा, शुद्ध करत बसू नका. ‘माझ्यात आत्मविश्वासाचा अभाव आहे’ हे भाषण झालं. ‘इंग्रजीत विचारलं तर माझी ततपप व्हणार’ हा विचार आहे. आठवड्यात पाच-सहा वाक्यं मिळतात. त्यातली तीन एकच असतात, फक्त साडी बदललेली.

दुसरं : खरी अडचण वेगळी काढा

यावर घाई करू नका. सगळंच मनाचं नसतं. हातात पैसा नाही, गुडघा दुखतो, सासू अंथरुणाला खिळलेली आहे, नवरा चावी देत नाही, या गोष्टी कुणा बाईला ‘तुझी मानसिकता बदल’ म्हणून सुटत नाहीत. असं सांगणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही. अशा अडचणींसाठी वहीचं मागचं पान ठेवा. त्यांना माणसं, पैसा आणि वेळ लागतो, तो हिशेब निराळा. आणि दोन आठवड्यांवर झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही ठेवून द्या आणि डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

तिसरं : वाक्याला भाकीत करायला लावा

इथं सगळे अडकतात. मी तर साडेचार वर्षं अडकले होते, म्हणून इथं जरा बसू या.

‘मला जमणार नाही’ हे वाक्य फार चलाख असतं. ते कधी, कुठं, काय होणार हे सांगतच नाही, त्यामुळे ते खोटं ठरूच शकत नाही. कुडमुड्या ज्योतिषी ‘पुढं जरा त्रास आहे’ म्हणतो, तशातलं. त्याच्याशी वाद घालाल तर हराल. वाद घालायचा नाही, त्याला कोपऱ्यात घेऊन विचारायचं : नेमकं काय होणार? कोणत्या दिवशी? कुठं? कोण काय करणार? आणि ते मला डोळ्यांनी दिसेल का, कानांनी ऐकू येईल का?

‘लोक हसतील’ चालणार नाही. ‘निदान दोघं तरी मोठ्यानं हसतील’ चालेल. ‘माझी फजिती होईल’ चालणार नाही. ‘माझं बोलणं मधेच बंद पडेल आणि मी खाली बसेन’ चालेल. ‘मला भीती वाटेल’ हे तर लिहूच नका. ती वाटणारच, तिला भाकितात धरलं तर प्रत्येक वेळी भाकीत खरं ठरतं आणि वाक्य मिशीला पीळ देत परत येतं. शेवटी खात्री किती, ते शंभरपैकी लिहा. नव्वद असेल तर नव्वद लिहा, लाजू नका.

आता माझं. पाच-सहा वर्षं मी एकाच गाडीवर शिकवत होते. सकाळी सहा ते नऊ मेरी वेदर मैदानावर, चार बायका की वेळ संपला. दुसरी गाडी घेतली असती तर धाकट्या बहिणीला जोडीला घेता आलं असतं. हिशेब पाठ होता, हप्तासुद्धा काढून ठेवला होता. तरी तीन वर्षं मी कर्ज मागायला गेले नाही. बँकेची पायरी दिसली की डोक्यात वाक्य यायचं, ‘बारावीच्या बाईला तिथं कोण उभं करतंय.’

भाचीनं वही धरायला लावली तेव्हा मी लिहिलं, ‘मला कर्ज मिळणार नाही.’ आता हे बघा, वरवर नेमकं वाटतं. पण हे चुकीचं ठरायला कर्ज हातात पडावं लागतं, त्याला महिना-दोन महिने जातात, आणि नाही मिळालं तरी त्याला पन्नास कारणं असू शकतात. माझी खरी भीती कर्जाची नव्हतीच. ती होती साहेबांच्या टेबलासमोरच्या पहिल्या दोन मिनिटांची. मी चुकीच्या गोष्टीचं भाकीत केलं होतं.

दुसरी चूक याहून मोठी. मी दिरांना बरोबर नेलं. भाऊजी बोलले, मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले आणि जिथं बोट दाखवलं तिथं सह्या केल्या. कर्ज मिळालं, गाडी आली, पेढे वाटले. वाक्य मात्र जागचं हललं नाही. उलट त्याला शेपूट फुटलं : ‘भाऊजी होते म्हणून.’

याला मी कुबडी म्हणते. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलेलं मला नंतर वाचायला मिळालं : आपल्याला जमतं हा विश्वास सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः करून बघण्यानं, पण ते बाहेरच्या आधारामुळे जमलं असं वाटलं, तर श्रेय आधाराला जातं. वाचल्यावर मी कपाळावर हात मारला. हे तर मी रोज मैदानावर बघत होते. दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी चालवणारी बाई महिनाभर पडत नाही, आणि महिन्यानंतरही म्हणते, “पाय खाली हाय म्हणून न्हाई पडलो.” (कोल्हापुरात आम्ही बायका आलो-गेलोच म्हणतो. लिहिताना तेवढं आवरलंय.)

तेव्हा भाकिताखाली कुबड्यांची यादी करा. बरोबर कोण येणार? गर्दी नसलेली वेळ मुद्दाम निवडली का? पाठ केलेला कागद हातात आहे का? मागच्या खुर्चीत लपणार आहात का? सगळ्या एकदम फेकू नका, मी कुणाचे पाय पहिल्या दिवशी उचलायला लावत नाही. पण जी कुबडी काढल्यावर वाक्याला ‘तरीपण’ म्हणायला जागा उरत नाही, ती ओळखा आणि ती काढल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नका.

दीड वर्षानं तिसऱ्या गाडीसाठी मी एकटी गेले. वहीत तीन भाकितं होती. साहेब दोन मिनिटांत उठवतील, खात्री ८०. त्यांचे शब्द कळणार नाहीत आणि मी गप्प बसेन, खात्री ९०. ‘घरातल्या कुणाला तरी घेऊन या’ म्हणतील, खात्री ७०. झालं असं : पंचवीस मिनिटं बसले. ‘मार्जिन’ कळलं नाही, पण गप्प बसले नाही, विचारलं. साहेबांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून दाखवलं की गाडीच्या किमतीतला एवढा हिस्सा तुम्ही भरायचा. दोन कागद कमी पडले, परत जावं लागलं. नव्वद हजार मागितले होते, सत्तर मंजूर झाले. जामीनदार विचारला तेव्हा भाऊजींचंच नाव दिलं. ती बँकेची अट, कुबडी नव्हे.

म्हणजे तीनपैकी अडीच भाकितं चुकली. शब्द कळणार नाही हे खरंच निघालं, आणि तरी काही बिघडलं नाही. हा अर्धा भाग मला बाकीच्या अडीचपेक्षा जास्त उपयोगी पडला.

चौथं : करून या

यात शिकवण्यासारखं काही नाही. भाकीत लिहिल्यापासून तीन दिवसांच्या आत जायचं, एवढंच.

पाचवं : त्याच दिवशी, चपला काढायच्या आधी लिहा

उद्यावर ठेवलंत तर वाक्य रात्रीत आठवण बदलून टाकतं. दोन रकाने करा, डावीकडे भाकीत, उजवीकडे काय झालं. उजवीकडे मत नको, घडलेलं हवं.

गेल्या वर्षी एक काकी यायच्या, वय बावन्न. मैदानावर पंधरा दिवसांत सरळ झाल्या, पण रस्त्यावर यायचं नाव नाही. वहीत लिहिलं होतं : “मंगळवार, संध्याकाळी सहा, मिरजकर तिकटी. गाडी बंद पडणार. मागचे हॉर्न मारणार. रिक्षावाला शिवी देणार. मी पडतो.” मी त्यांच्या मागं न बसता तिकटीच्या कडेला जाऊन उभी राहिले, कारण मी मागं बसणं हीच त्यांची कुबडी होती.

गाडी खरंच बंद पडली, अगदी मधोमध. हॉर्न वाजले. काकींच्या बांगड्या हँडलवर थडथडताना मला इतक्या लांबून दिसत होत्या. मग त्यांनी डावा ब्रेक दाबला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली आणि त्या गेल्या. कडेला येऊन थांबल्या तेव्हा पहिलं वाक्य, “बघा, बंद पडली का न्हाई!” मी वही पुढं केली. चारपैकी दोन खरी, दोन खोटी. त्यांनी ‘मी पडतो’च्या समोर ‘न्हाई’ लिहिलं आणि त्याखाली तीनदा रेघ ओढली. रिक्षावाल्यापुढं लिहिलं, ‘बाजूनं गेला.’

भाकीत पूर्ण खरं ठरलं तर? ठरतं कधीकधी. तेव्हा एवढंच शोधा : नेमकं कुठं अडलं? आमच्याकडं खाशाबा जाधवांचं नाव जिद्दीसाठी घेतात. मला त्यांच्या दोन तारखा जास्त कामाच्या वाटतात. १९४८, लंडन : लाल मातीत वाढलेला पैलवान, मॅटची सवय नाही, सहावा आला. १९५२, हेलसिंकी : कांस्यपदक. ‘मॅटची सवय नाही’ या वाक्यावर काम करता येतं. ‘ऑलिम्पिक आपलं काम नव्हं’ यावर काहीच करता येत नाही. हरल्याच्या रात्री वहीत यातलं कोणतं वाक्य लिहिता, ते सांभाळा.

सहावं : पुढचं भाकीत थोडं अवघड

फार उंच उडी नको. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारलात, तर पुढच्या वेळी दोन मिनिटं बोला. लगेच केशवराव भोसले नाट्यगृह गाजवायची स्वप्नं बघू नका. वाक्य कायमचं जाईल अशी वाटही बघू नका. माझं अजून येतं. हे लिहितानाही आलं, ‘तुझं कोण वाचतंय.’ तारीख टाकून लिहून ठेवलंय.

काकींनी परवा वही दाखवायला आणली. पुढचं भाकीत लिहिलं होतं, “मोठ्या पावसात परीख पुलाखालनं जायचं. गाडी पाण्यात बंद पडणार, खात्री १००.” मी ते पान उलटून मागच्या पानावर उतरवायला लावलं. पाऊस मोठा झाला की तिथं पाणी साचतं. मीसुद्धा वळसा घालून जाते.