जुनं पिलर ड्रिल घरी आणण्याआधी

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे किंवा भोसरीकडच्या भंगारात पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन) बघायला निघताना टॉर्च, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी), थ्रेड गेज (आटे मोजायच्या पात्या), मॅग्नेटिक स्टँडसह लिव्हर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र), छोटी हातोडी आणि स्वच्छ चिंधी बरोबर घ्या. रंग बघू नका, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) बघा. बेल्ट, बेअरिंग, मोटर, चक (बिट धरणारा जबडा) हे सगळं शहरात मिळतं. वाकलेल्या स्पिंडलला आणि झिजलेल्या क्विलला (स्पिंडल घेऊन खाली-वर सरकणाऱ्या नळीला) पर्याय मिळवणं फार अवघड.

क्विल पूर्ण खाली ओढून हातानं हलवा. 0.1 मिमीपेक्षा जास्त खेळ असेल तर मशीन सोडून द्या, कारण बहुतेक वेळा हेडचं (मशीनच्या वरच्या भागाचं) बिडाचं बोअरच, म्हणजे क्विल सरकते ते भोकच, अंडाकृती झालेलं असतं आणि ते घरी दुरुस्त होत नाही. मग चक काढायला लावा, स्पिंडलचा टेपर, म्हणजे चक बसतो ती निमुळती पोकळी, आतून पुसा (चिकटलेला एक बारीक कीस चांगल्या स्पिंडललाही वाकडा ठरवतो), आत डायल टेकवा आणि स्पिंडल हातानं फिरवा. 0.03 मिमीपर्यंत उत्तम. टेबल आणि बेसवर हातोडीनं हलकेच वाजवा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर तडा शोधा. टेबलात ड्रिलनं पडलेली भोकं मात्र निरुपद्रवी.

नावाची पाटी गेली असेल तर मशीन कुठलं ते बोल्ट सांगतात. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची, बोल्टवर थ्रेड गेज लावा. इंचाला 12 आटे म्हणजे व्हिटवर्थ, म्हणून ब्रिटिश किंवा त्या वळणाचं जुनं देशी मशीन. 13 आटे म्हणजे अमेरिकन. तीन सुतीवर ही परीक्षा चालत नाही, तिथे दोन्हीकडे 16 आटे असतात. टेपरचं तोंड 17.8 मिमी असेल तर मोर्स 2 (मोर्स म्हणजे टेपरची ठरलेली मापं), 12.1 मिमी असेल तर मोर्स 1. पाटी शाबूत असेल तर ती घासू नका, मऊ कापडानं पुसा. मशीनची ओळख तीच.

खोलायला बसण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि झाकणाचे डबे मांडून ठेवा. हेडचा बोल्ट सैल करण्याआधी हेडखाली लाकडी ठोकळा लावा, नाहीतर ते कॉलमवरून (खांबावरून) सरळ टेबलावर आदळतं. रिटर्न स्प्रिंगचं (क्विल परत वर खेचणाऱ्या स्प्रिंगचं) झाकण हातमोजे घालून, घट्ट धरून एकेक खाच सोडा. गुंडाळलेली पट्टी सुटली तर बोटं कापते. मोर्सच्या स्पिंडलमधून चक काढायला ड्रिफ्टच (चपटी पाचर) वापरा. आडव्या ठोक्यांनी स्पिंडल वाकतो.

बेअरिंग ठोकताना शाफ्टवर बसवायचं असेल तर फक्त आतल्या रिंगवर नळी टेकवा. बाहेरच्या रिंगवर मारलं की गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. 6203 म्हणजे 17 बाय 40 बाय 12 मिमी. जुन्या इंची मशीनवर शाफ्ट मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका: पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, तिथे 20 चं बेअरिंग सैल बसतं.

गंजासाठी छोटे भाग एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तीन-चार तास ठेवा. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसा आणि तेल लावा. पावसाळ्यात उघडं बीड बघता बघता तांबूस होतं. स्प्रिंग या पाण्यात घालू नका, आम्लातल्या हायड्रोजननं ती ठिसूळ होते. कॉलमला रॉकेल आणि 320 चा पॉलिशपेपर पुरे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला करूनच घासा. रंगकाम कोरड्या दिवसांत, आधी रेड ऑक्साइड.

मोटर अर्धा एचपी, 1440 आरपीएमची पुरते. अमेरिकन मशीनची मूळ मोटर 110 व्होल्टची असू शकते, पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अर्थिंग तपासा. वरून बघताना स्पिंडल घड्याळाच्या दिशेनं फिरला पाहिजे. चकमध्ये वाकवलेली सळई धरून तिला डायल बांधा, 200 मिमीचा वर्तुळाकार फेरा घ्या आणि टेबल 0.1 मिमीच्या आत काटकोनात आणा.

पहिल्यांदा सर्वांत कमी वेगावर वीस मिनिटं रिकामं चालवा आणि बंद करून बेअरिंगच्या जागी हात लावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग फार घट्ट बसलंय किंवा ग्रीस जास्त झालंय. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) 10 मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाला साधारण 800 आरपीएम. तो तक्ता पुलीच्या झाकणाच्या आत चिकटवा.